भंगारात काढण्यापूर्वी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गणपतीच्या आठवणी असतात, पहिल्या विमानप्रवासाची फजिती असते, मुलांना मराठी कसं शिकवावं यावर दोन लेख असतात आणि शेवटच्या पानाच्या आसपास मायक्रोवेव्हमधल्या वड्या असतात. या पंगतीत गवत कापायच्या ट्रॅक्टरवर लेख आणणं म्हणजे श्रीखंडाच्या वाटीशेजारी ग्रीजचा डबा ठेवणं, हे मला समजतं. तरी ठेवतोय. कारण २०२५ च्या एप्रिलपासून आमच्या चार घरांत या ट्रॅक्टरवरून जो वाद पेटला तो आता ट्रॅक्टरपुरता राहिलेला नाही, आणि माझी बाजू मी छापूनच मांडायची ठरवली आहे. समोरच्या बाजूला पुढच्या वर्षी उत्तर द्यायला मोकळीक आहे. संपादक जागा देतीलच, लेख मिळवण्यासाठी ते कसे हिंडतात हे आपण सगळेच पाहतो.

माझं म्हणणं असं आहे. सुरू व्हायला त्रास देणारं यंत्र हे सगळ्या बिघडलेल्या यंत्रांमधलं सर्वांत कमी बिघडलेलं यंत्र असतं. आणि आपण परदेशातली मराठी कुटुंबं नेमकं तेच सगळ्यात आधी टाकून देतो. नाव हिशेबाचं सांगतो, पण हिशेब कुणीच केलेला नसतो. खरं कारण हे की झाकण उघडून आत हात घालणं आपल्याला आपलं काम वाटत नाही.

आता बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्याला गवत कापायला ट्रॅक्टर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरामागचं गवत दोन सतरंज्या अंथरल्या की संपतं. पण आमच्यातल्या एका कुटुंबाने शहराच्या दक्षिणेला, वायथॉलच्या बाजूला घर घेतलं, आणि घराबरोबर दीड एकराचा तुकडा आला. आमचं उन्हाळी क्रिकेट तिथे, पोरांच्या शर्यती तिथे, आणि ढगांनी परवानगी दिली तर कोजागिरीही तिथेच. म्हणून चार घरांनी वर्गणी काढून २०१९ साली साडेसहाशे पौंडांना बसून चालवायचा एक जुना ट्रॅक्टर घेतला. एक सिलिंडर, साडेसतरा हॉर्सपॉवर, बेचाळीस इंची डेक. डेक म्हणजे ज्याच्यात पाती फिरतात ते खालचं पत्र्याचं खोकं. सहा उन्हाळे गड्याने हूं की चूं केलं नाही.

सातव्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोग सुरू झाला. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घ्यायचं आणि समोर भिंत आल्यासारखं टक् करून थांबायचं. पुन्हा किल्ली, पुन्हा अर्धा फेरा. पाच-सहा झटक्यांनंतर कधी निघायचं, कधी नाही. पण एकदा निघालं की दोन तास मजेत गवत कापायचं. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, माझा सगळा खटला त्याच्यावर उभा आहे.

ग्रुपवर दोन दिवसांत निदान झालं, तेही कुणी ट्रॅक्टरजवळ न जाता. बॅटरी गेली. नवीन बॅटरी आली, पंचावन्न पौंड. फरक शून्य. मग स्टार्टर मोटर गेली असणार. जवळच्या एका दुकानाला फोन केला, त्याचं नाव इथे नको. त्यांनीही मशीन न पाहता फोनवरच आकडा सांगितला: स्टार्टर, सोलेनॉइड, सर्व्हिसिंग आणि नेण्या-आणण्याचे मिळून चारशे वीस पौंड, आणि वर मित्रत्वाचा सल्ला, की इतक्या जुन्या मशीनवर एवढा खर्च करू नका, आमच्याकडे नवीन उभे आहेत. नवीन म्हणजे अडीच हजारांच्या पुढे. झालं. मतदान घेतलं गेलं. 'टाकून देऊ' तीन, 'उघडून पाहू' एक. ते एक मत कुणाचं हे सांगायला नको.

मध्येच एक सांगतो. हे मतदान झालं तेव्हा बर्मिंगहॅममध्ये कचरा उचलणाऱ्या कामगारांचा बेमुदत संप चालू होता. ११ मार्च २०२५ पासून तो पूर्ण संप झाला होता, महिनाअखेरीला नगरपालिकेने आणीबाणीसदृश स्थिती जाहीर केली होती, आणि रस्त्यारस्त्यावर काळ्या पिशव्यांचे ढीग होते. अशा गावात माणसं 'टाकून देऊ' म्हणत होती. कुठे टाकणार होती हे मी विचारलं, त्याला उत्तर म्हणून एक हसरा पिवळा चेहरा आला.

तर आता झाकणाच्या आत. नदीकाठचं ऑइल इंजिन सुरू होताना ज्याने पाहिलंय त्याला हे पटकन समजेल. मी सांगली जिल्ह्यातला. कृष्णेकाठच्या मळ्यात मामांचं डिझेल इंजिन होतं. हँडल मारायच्या आधी वरचा एक खटका उचलायचा. खटका उचलला की व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, सिलिंडरमधली हवा दाबली न जाता निसटते, आणि हँडल हलकं फिरतं. फ्लायव्हीलने वेग घेतला की खटका सोडायचा, की लागलीच धडधड धडधड सुरू. खटका न उचलता हँडल मारायला जाणाऱ्याचा खांदा आठवडाभर दुखायचा. जुनी बुलेट ज्यांनी चालवली त्यांनाही हँडलवरचा तो छोटा लिव्हर आठवत असेल. काम तेच.

गवत कापायच्या ट्रॅक्टरला हा खटका बाहेर दिसत नाही, पण आत असतोच. कॅमशाफ्टवर एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. इंजिन स्टार्टरवर हळू फिरत असताना तो उंचवटा दाबाच्या फेरीत व्हॉल्व्ह केसभर उघडा धरतो, म्हणजे त्या चिमुकल्या स्टार्टर मोटरला सिलिंडरच्या पूर्ण दाबाशी कुस्ती खेळावी लागत नाही. पण उंचवटा इतका लहान, की व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट वाढली की तो व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. खटका न उचलता हँडल मारल्यासारखी गत होते. मोटर जीव तोडून ढकलते, अर्धा फेरा होतो, आणि टक्.

ही फट म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला टॅपेट म्हणतात ती. 'टॅपेट सेट करून द्या' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या वडिलांनी कधी ना कधी गॅरेजच्या दारात स्कूटर उभी करून म्हटलेलं आहे. आमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत आतल्या व्हॉल्व्हची फट इंचाच्या हजार भागांपैकी तीन ते पाच भाग असावी, असं दिलंय. चार बोल्ट काढून झाकण उघडलं आणि फीलर गेजच्या पट्ट्या घालून पाहिल्या, तर बारा भागांची पट्टी बिनदिक्कत आत गेली. प्लग काढून ठेवला, पिस्टन वरच्या टोकाला आणून तिथून पाव इंच खाली घेतला (तेवढं नाही केलं तर तो उंचवटाच मापात घोळ करतो), नट फिरवून फट चारवर आणली, झाकणाला नवं गॅस्केट लावलं. गॅस्केट सहा पौंड, फीलर गेज पाच पौंड. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. जुनी बॅटरीही पुन्हा लावून पाहिली, तिच्यावरही सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून जमलं. मंडळी, यात माहीत असण्यासारखं फार थोडं आहे. पंधरा पौंडांचा मल्टिमीटर घ्या. बॅटरी निवांत असताना साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दाखवते का बघा, आणि किल्ली फिरवताना साडेनऊच्या खाली जाते का ते बघा. जात नसेल तर बॅटरी निर्दोष आहे. मग चासीला जोडलेली काळी केबल सोडवून घासा, निम्म्या 'मेलेल्या' स्टार्टर मोटरी त्या गंजलेल्या टोकापाशी जिवंत होतात असा माझा अनुभव आहे. इंजिन फिरतंय पण पेट घेत नसेल तर दुखणं वेगळं: प्लग, चोकची सैल झालेली केबल, किंवा बहुधा पेट्रोल. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ऑक्टोबरात टाकीत राहिलेलं पेट्रोल एप्रिलपर्यंत कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात चिकटून बसतं. महागातलं सुपर पेट्रोल अजून ई-५ मिळतं. ते वापरा, आणि थंडीपूर्वी कार्बोरेटर रिकामा करा. आणि किल्ली फिरवल्यावर काहीच होत नसेल, तर सीटखालचा आणि ब्रेकचा सुरक्षा स्विच बघा. बस्स. हे सगळं एका शनिवारी दुपारी होतं, चहासकट.

यावर पहिला हल्ला येतो तो वेळेच्या किमतीचा. आमच्यातले एक सद्गृहस्थ, माझ्यासारखेच कन्सल्टंट, ग्रुपवर म्हणाले, "अरे, तुझा दिवसाचा रेट काय आणि तू सहा पौंडांच्या गॅस्केटमागे दिवस घालवतोस?" हा युक्तिवाद आपल्या धंद्यातल्या लोकांना इतका आवडतो की तो कुणी तपासून पाहत नाही. शनिवारी दुपारी मला कोण रेट देतंय? त्याच शनिवारी हेच गृहस्थ चार तास मोबाईलवर नव्या मशीनची तुलना करत होते, त्याचं बिल त्यांनी कुणाला पाठवलं? दिवसाचा रेट हा कामाच्या दिवसाला असतो. तो सगळ्या आयुष्याला लावला तर मग मुलांना गोष्ट सांगणं, आईला फोन करणं, ढोल-ताशाचा सराव, सगळंच तोट्यात जाईल.

दुसरा हल्ला जास्त सभ्य असतो. 'सेकंड हँड म्हणजे डोकेदुखी.' खरं तर उलट. सहा उन्हाळे चाललेल्या जुन्या यंत्राचे सगळे गुणदोष आपल्याला तोंडपाठ असतात. नव्याचे दोष शोधायचे पैसे आपण भरतो.

पण हे दोन्ही हल्ले म्हणजे पडदे आहेत. पडद्यामागचं वाक्य एका वहिनींनी सरळ उच्चारलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही एवढे शिकलेले, हे असलं करत बसता, मुलं बघतात!" मुलं बघतात हाच तर मुद्दा आहे. पण वहिनींना तो काळजीचा वाटतो.

आपल्या दिवाळीच्या पंगतीत एक दगड भिरकावला तर तो मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या कुणातरी संगणकवाल्यालाच लागेल. मीही त्यातलाच, सांगलीला मेकॅनिकल, मग इथे येऊन मास्टर्स, आणि तेव्हापासून कीबोर्ड. वर्कशॉपच्या तासाला कानस घेऊन फिटिंगचा जॉब करायचा असायचा, आठवतो? लोखंडाच्या दोन तुकड्यांत एकमेकांत बसणारी खाच. किती जणांनी तो स्वतः केला आणि किती जणांनी वर्कशॉपमधल्या मामांच्या हातात वीस रुपये ठेवून करून घेतला, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवावं. इंजिनिअरिंग शिकायचं, पण हात काळे करायचे नाहीत, ही युक्ती आपण तिथेच शिकून आलो. तिच्या मुळाशी काय आहे तेही आपल्याला ठाऊक आहे. हाताने काम करणारा तो मिस्त्री, आणि कागदावर सही करणारा तो साहेब. कोण कुठल्या जातीत जन्मला त्यावर आपल्याकडे पाना कुणाच्या हातात आणि पेन कुणाच्या हातात हे ठरत आलं. सात समुद्र ओलांडले, पासपोर्टचा रंग बदलला, ती उतरंड मात्र हातसामानात तशीच आली. शेजारचा निवृत्त इंग्रज गुडघ्यावर बसून स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलतो, त्याच्याकडे बघून आपण 'किती हौशी' म्हणतो. आपला माणूस तेच करायला लागला की 'किती चिक्कू'.

आणि हे आपण कुठे राहून करतोय? बर्मिंगहॅममध्ये! सेंटेनरी स्क्वेअरला बोल्टन, वॉट आणि मर्डॉक यांचा सोनेरी पुतळा आहे. हातातल्या नकाशाच्या गुंडाळीमुळे इथले लोक त्यांना थट्टेने गालिचेवाले म्हणतात. भारतातून आलेल्या आई-बाबांना आपण तिथे उभं करून फोटो काढतो. त्यातल्या जेम्स वॉटचं नाव कशामुळे झालं? १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाने त्याच्याकडे न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती दुरुस्तीला दिली. ती नीट चालत नव्हती. त्याने ती दुरुस्त केली, पण एवढीशी वस्तू इतकी वाफ का खाते हा प्रश्न त्याला सोडेना. त्यातून १७६५ मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना निघाली, १७७४ मध्ये तो बर्मिंगहॅमला आला, आणि पुढे त्याने व बोल्टनने खाणमालकांकडून किंमत कशी घेतली, तर जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या एक तृतीयांश रकमेने. न्यूकोमेनचं मूळ इंजिन १७१२ साली उभं राहिलं ते डडलीजवळ, आपल्यापासून अर्ध्या तासावर; त्याची पूर्णाकृती प्रतिकृती ब्लॅक कंट्री म्युझियममध्ये आहे आणि आपल्यातल्या निम्म्या मुलांची शाळेची सहल तिथे गेलेली असते. जगाचा चेहरा बदलणारं यंत्र एका दुरुस्तीच्या कामातून निघालं. ग्लासगोच्या प्राध्यापकांनी तेव्हा मतदान घेऊन नवीन प्रतिकृती मागवली असती तर?

गवत कापायच्या यंत्राचं माहेरही इथून फार दूर नाही. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते १८३० साली ग्लॉस्टरशायरमध्ये, स्ट्राउडजवळ बनवलं. कापडाच्या गिरणीत कापडावरची लव कापणारं जे यंत्र होतं, त्यावरून त्याला हे सुचलं. आणि पेट्रोलवर चालणारा प्रसिद्ध 'ॲटको' मोअर १९२१ साली बाजारात आला तो बर्मिंगहॅमच्या टिल्टन रोडवरून, जिथे आज बर्मिंगहॅम सिटीचं फुटबॉल मैदान आहे त्याच्या शेजारून. साखळ्या बनवणाऱ्या ॲटलस चेन कंपनीच्या नावातून ते नाव पडलं. अमाल कार्बोरेटर इथले, लुकासचं विजेचं सामान इथलं, शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनला व्हिलियर्सची इंजिनं. आज यातलं फारसं उरलेलं नाही. मी आलो त्यानंतर थोड्याच काळाने, एप्रिल २००५ मध्ये, लाँगब्रिजचा एम.जी. रोव्हरचा कारखाना बंद पडला, तेव्हाचे बसमधले चेहरे मला अजून आठवतात.

यातली एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. रॉयल एनफील्ड हे रेडिचचं, म्हणजे आमच्या त्या दीड एकरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवरचं. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया निघाली आणि तिथे बुलेट जुळू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला. मद्रासने मात्र तेच जुनं इंजिन जपलं, ठोकून-ठाकून चालवलं, आणि १९७७ मध्ये बुलेट उलटी इंग्लंडात विकायला आणली. आज जगभर रॉयल एनफील्ड विकत घेणारे भारतातली गाडी घेतात. ज्यांनी टाकून दिलं त्यांच्याकडे रस्त्याच्या नावापुरती आठवण राहिली. आपण त्या दुसऱ्या बाजूची माणसं आहोत, ज्यांनी टाकून दिलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात उघडलं ते सायकलींचं दुकान. विकायच्या, दुरुस्त करायच्या. तिथून पुढे लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. त्याआधी ते मुंबईत तंत्रशाळेत शिकवत होते, म्हणजे पेन हातात होतंच. त्यांनी पाना उचलला. आपण त्यांच्यावर भाषणं ऐकतो आणि ट्रॅक्टर भंगारात काढतो.

माझ्या धंद्यातलंही सांगतो, कारण हा रोग फक्त लोखंडाला होत नाही. जुनी प्रणाली कुरकुरायला लागली की आमच्या बैठकीत पहिला ठराव येतो तो 'नवीन घेऊ'. झाकण उघडायला कुणी तयार नसतं, कारण झाकण उघडणाऱ्याला पदोन्नती मिळत नाही, नवीन आणणाऱ्याला मिळते. आपल्याच नगरपालिकेचं उदाहरण घ्या. माझा त्या कामाशी काडीचा संबंध नाही, जे वर्तमानपत्रात आलं तेच सांगतोय. १९९९ पासून वापरात असलेली सॅप प्रणाली काढून एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल आणली. बँकखात्यांचा ताळमेळ लागेना, हिशेब हाताने जुळवायची वेळ आली, आणि सुमारे वीस दशलक्ष पौंडांचं काम शंभर दशलक्षांच्या घरात जाणार असं २०२३ मध्ये बाहेर आलं. ५ सप्टेंबर २०२३ रोजी पालिकेने आर्थिक दिवाळखोरीची कलम ११४ ची नोटीस काढली. त्याचं मोठं कारण समान वेतनाची थकलेली देणी हे होतं, पण ही प्रणालीही त्या कारणांत होती. २०२४ च्या एप्रिलपासून कौन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला तो आपण सगळ्यांनी भरला. जुनी प्रणाली जन्मभर चालली असती असं मी म्हणत नाही. पण नवीन आणण्यापूर्वी जुन्यात नेमकं काय दुखतंय हे कुणी फीलर गेज घालून पाहिलं असतं, तर नव्यात काय हवं आणि काय नको हे तरी कळलं असतं.

आता विरोधकांच्या हातात आयता दगड देऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. 'जुनं ते सोनं' म्हणून गॅरेजमध्ये तीन बंद पडलेले टीव्ही, दोन प्रिंटर आणि पहिल्या नोकरीतला लॅपटॉप साठवणारेही आपल्यात आहेत. त्यांच्याशी माझं नातं नाही. दुरुस्त न करता ठेवलेली वस्तू म्हणजे घरात ठेवलेला कचराच.

ट्रॅक्टर कधी टाकावा? तर त्याचं उत्तर किल्लीपाशी नाही. ते खाली वाकून मिळतं. डेकच्या पत्र्याला, विशेषतः पात्यांचे दांडे जिथे बसतात तिथे, स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला तर विचार करा. गिअरबॉक्स बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांत तेलाच्या दाबावर चालणारा बंदिस्त गिअरबॉक्स असतो. थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने चढावर दम टाकायला लागला, तर त्याचे दिवस भरत आलेत. नवीन बसवायचा खर्च जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीएवढा जातो. इंजिनचं ऑइल पांढऱ्या कागदावर ओता. चांदीसारखा चुरा चमकला तर आतलं धातू झिजतंय. निळा धूर मात्र पाहिल्याबरोबर घाबरू नका, कधी कधी ऑइलच जास्त भरलेलं असतं. यातली दोन दुखणी एकत्र असतील तर मी स्वतः भंगारवाल्याला फोन करीन, पेट्रोल आणि ऑइल काढून ठेवीन, आणि चाकं, सीट, स्टार्टर विकून त्या पैशांची भेळ करीन. आमच्या ट्रॅक्टरचा डेक शाबूत आहे, गिअरबॉक्स दोन तास चढ चढतो, ऑइल स्वच्छ निघालं. जे यंत्र सुरू झाल्यावर उत्तम चालतं त्याचं सगळं महागडं सामान ठणठणीत असतं. म्हणून ते मघाचं वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

बॅटरीवरचा नवा घेऊ, पर्यावरणाला चांगला, असंही एकाचं म्हणणं आहे. त्यात तथ्य आहे. आवाज नाही, धूर नाही, आणि हा ट्रॅक्टर खरोखर संपेल तेव्हा मीही बॅटरीलाच मत देईन. पण वर्षाला वीस-पंचवीस तास चालणाऱ्या यंत्रासाठी सहा पौंडांच्या गॅस्केटवर चालणारं लोखंड वितळवायला पाठवायचं आणि जगाच्या दुसऱ्या टोकाहून बोटीने नवं आणायचं, याला पर्यावरणाचं नाव देऊ नका. कायद्याच्या भरवशावरही राहू नका. १ जुलै २०२१ पासून या देशात धुलाई यंत्र, फ्रीज, टीव्ही अशा काही वस्तूंचे सुटे भाग वर्षानुवर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक झालं, चांगली गोष्ट आहे. गवत कापायची यंत्रं त्या यादीत नाहीत. आणि असती तरी सुटा भाग मिळण्याचा हक्क ज्याला भाग बदलायचाय त्याच्याच कामाचा.

आता मुलांकडे येतो, कारण वहिनींनी विषय काढलाच आहे. झाकण उघडलं त्या दिवशी चार घरांतली पाच मुलं भोवती होती. ही मुलं शनिवारी सकाळी कोडिंगच्या क्लासला जातात, बुद्धिबळाला जातात, ग्रामर स्कूलच्या परीक्षेला बसतात. त्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलीला मी हाताने इंजिन फिरवायला सांगितलं. तिने फिरवलं, रॉकर खाली जाताना पाहिला, व्हॉल्व्ह उघडताना पाहिला, आणि म्हणाली, "म्हणजे शाळेत जे सक्शन-कम्प्रेशन शिकवलं ते खरंच असं होतं?" होतं, बाळ. जीसीएसईच्या पुस्तकात चार बाण आहेत, इथे चार आवाज आहेत. नंतर तिनेच पट्टी घालून फट मोजली. पहिल्यांदा चुकीची मोजली, दुसऱ्यांदा बरोबर. तिचे वडील, तेच रेटवाले सद्गृहस्थ, लांब उभे राहून बघत होते. त्यांच्या पांढऱ्या बुटांना ऑइल लागू नये याची काळजी घेत होते, हे मी मुद्दाम लिहितोय, त्यांनी वाचावं म्हणून. आम्ही कॉलेजला एकाच बेंचवर होतो, तेव्हा यांची स्कूटर हेच सुरू करून द्यायचे.

सध्या परिस्थिती अशी आहे. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू होतो. तरीही विकायचा प्रस्ताव मागे घेतलेला नाही, मतं तीन विरुद्ध एकवरून दोन विरुद्ध दोनवर आली आहेत. रॉकरच्या झाकणाखालून थेंबभर ऑइल झिरपतंय, बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे आहेत. डेकच्या डाव्या पात्याचं बेअरिंग आवाज करतंय, ते गवताचा हंगाम संपल्यावर काढू. बेअरिंगं आणून ठेवली आहेत, दोन नगांचे चौदा पौंड. काढायला दोन माणसं लागतात, कारण एकाने पातं लाकडाच्या ठोकळ्याने अडवून धरावं लागतं. ती मुलगी येणार आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर मला सांगा, हातमोजे पुरेसे आहेत.